जपानचा घरफाळा

२०२४च्या जुलैत पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, त्या रात्री मी आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढवत होते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्या भागातल्या पोरांना पाढ्यांबरोबरच पाठ होतं. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या मागच्या अंगाला. २०१९ला पाणी कमरेइतकं आलं होतं, २०२१ला छातीला लागलं. त्यामुळं आकडा चाळिसाच्या पुढं गेला की आम्ही कुणाला विचारत बसत नाही. आधी धान्याचे डबे वर, मग गाद्या, मग कागदपत्रं.

ट्रंक तिरकी झाली आणि झाकण उघडलं. आबांची पॅटर्नमेकिंगची, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करायची, हत्यारं त्यात असतात. रंधे, पटाश्या, आणि ती त्यांची जगावेगळी फूटपट्टी, जिचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. बिडाचा रस थंड होताना आकसतो, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा वाढवूनच करायचा असतो. या पट्टीनं मोजलं की वाढावा आपोआप धरला जातो. लहानपणी मी त्या पट्टीनं वहीत समास आखले होते आणि बाईंनी सगळे समास चुकलेत म्हणून वही परत केली होती.

पट्टीखाली पाकिटं होती. घरफाळ्याची बिलं. २०२१-२२ पासूनची, काही फोडलेली, काही तशीच चिकटलेली. त्यांच्याखाली माझ्या नावाच्या विमा पॉलिसीचं पत्र: हप्ते न भरल्यानं पॉलिसी बंद पडली आहे. मी टॉर्चच्या उजेडात सगळं वाचलं, होतं तसं पट्टीखाली ठेवलं आणि ट्रंक वर ढकलली. खाली येऊन आबांना विचारलं, "घराचा विमा चालू आहे ना?"

"हाय की," आबा म्हणाले.

मी पुढं काही बोलले नाही. तेव्हा मला वाटलं, हा माझा समजूतदारपणा. प्रत्यक्षात महिनाभरापूर्वीच माझ्या फोनवर एक फोटो येऊन पडला होता आणि तो मी कुणाला दाखवला नव्हता.

तो फोटो जपानहून आला होता. मी साडेचार वर्षं तिकडं होते, नागोयाच्या बाहेर एका कंपनीत. साच्यांची डिझाइनं करायचे, म्हणजे आबांचंच काम, फक्त लाकडाऐवजी स्क्रीनवर. त्या प्रांताचं नाव आईची. कोल्हापुरात हे नाव चारचौघांत घ्यायची सोय नाही. "लेक कुठं असती?" "आईची." एवढ्यावर समोरचा हात उगारायचा. शेवटी आबा "टोयोटाच्या गावाकडं" म्हणायला लागले.

मार्च २०२४मध्ये मी नोकरी सोडून परत आले. कारण सांगितलं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि ते खोटं नव्हतं. ऑपरेशन एप्रिलमध्ये झालंच. आबांनी विमानतळावरून येताना विचारलं होतं, "तिकडचं समदं मिटवून आलीस न्हवं?" मी म्हटलं, "सगळं मिटवलं."

माझी तशी समजूतही होती. खोली सोडली, विजेचं बिल भरलं, वॉर्ड ऑफिसात जाऊन गाव सोडत असल्याची नोंद केली, विमानतळावर रहिवासी कार्ड परत दिलं. कंपनीनं शेवटच्या पगारातून मे महिन्यापर्यंतचा रहिवासी कर एकदम कापून घेतला. एवढी मोठी वजावट बघून मला वाटलं, चला, पिंडदानच झालं.

इथंच गोम आहे, आणि तिकडून परतणारे बरेच जण हिलाच अडखळतात. जपानमध्ये दोन कर असतात. प्राप्तिकर त्या त्या महिन्याच्या पगारातून कापला जातो. दुसरा जुमिनझेई, रहिवासी कर, ढोबळमानानं करपात्र उत्पन्नाच्या दहा टक्के. त्यातला मोठा वाटा गावाचा आणि उरलेला प्रांताचा. हा कर वर्षभर उशिरानं चालतो. १ जानेवारीला तुमचा पत्ता ज्या गावात, त्या गावाला तुम्ही आदल्या वर्षीच्या कमाईवर कर द्यायचा, आणि त्याचं बिल येतं जूनमध्ये. कंपनीनं माझ्याकडून कापला तो २०२२च्या कमाईवरचा. २०२३मध्ये मी वर्षभर राबले होते आणि १ जानेवारी २०२४ला माझा पत्ता तिथंच होता. म्हणजे मी मार्चमध्ये कोल्हापुरात दुधाच्या पिशव्या आणायला लागले तरी जूनमध्ये ते गाव मला आठवण करून देणारच होतं. जाणाऱ्या माणसानं आपल्या वतीनं कागद स्वीकारायला आणि कर भरायला कुणाला तरी नेमून जायचं असतं. मला हे वॉर्ड ऑफिसातल्या माणसानं सांगितलंही असेल. त्याच्या बोलण्यातलं निम्मंच मला कळत होतं आणि मी त्या दिवसांत सगळ्यालाच "हाय, हाय" म्हणत होते. जपानीत त्याचा अर्थ "हो".

बिल गेलं तिकडंच राहणाऱ्या, मूळच्या जयसिंगपूरच्या माझ्या मैत्रिणीकडं, कारण पोस्टाचा पत्ता मी तिचा देऊन आले होते. एक लाख एक्क्याऐंशी हजार येन, चार हप्ते: जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि पुढचा जानेवारी. रुपयांत लाखभर. सोबत आणखी एक पाकीट. नोकरी जानेवारीच्या मध्यात संपली आणि मी निघाले मार्चमध्ये. मधल्या काळात कंपनीचा आरोग्य विमा नव्हता, म्हणून गावाच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घातलेलं. त्याचे दोन महिन्यांचे पैसे राहिलेले. पेन्शनचेही दोन महिने, दरमहा १६,५२० येन. या दोन महिन्यांत मी एकदाही डॉक्टरकडं गेले नव्हते, आणि म्हातारपणी आईचीत राहायचा काही विचार नव्हता. पण वसुली खात्याला आपल्या विचारांशी देणंघेणं नसतं.

मैत्रिणीनं फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "हे काय गं?" मी उत्तर दिलं, "बघते."

असं दहा महिने मी बघत होते.

लोक विचारतील, लाख रुपये नव्हते का? होते. बचत होती, शिवाय शिरोलीच्या एका फौंड्रीचं डिझाइनचं काम मी घरी बसून करत होते. आबांकडंही घरफाळ्याएवढे पैसे कधी नव्हते असं नाही. पण पाकीट एकदा न फोडता ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याचं वजन वाढलेलं असतं. पैसे तेवढेच असतात. वाढतं ते हे, की आता भरायला गेलो तर "इतके दिवस का नाही भरले" याला उत्तर द्यावं लागेल. खिडकीतला माणूस ते विचारत नाही, हे भरल्यावर कळतं.

फेब्रुवारी २०२५मध्ये तिकडच्याच दुसऱ्या कंपनीनं मला घेतलं. एप्रिलमध्ये व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र आलं. मेअखेरचं तिकीट. आता मात्र सुटका नव्हती. नव्यानं शिरताना कुणी जुन्या कराचं विचारत नाही कदाचित, पण मी पुन्हा पत्ता नोंदवणार, आणि पुढं व्हिसा वाढवायची वेळ आली की लहान-मध्यम कंपन्यांतल्या लोकांकडून दोन दाखले मागतात: कर किती लागला आणि किती भरला. थकबाकीसाठी ती गावं पगारावरही टाच आणतात.

भारतातलं प्रकरण त्या मानानं साधं निघालं. मामांनी तेवढं घाबरवलं होतं. २०२४च्या बजेटनंतर त्यांच्या ग्रुपवर आलं होतं की आता देश सोडणाऱ्या प्रत्येकाला प्राप्तिकर खात्याचा बेबाकी दाखला लागणार. सरकारनं तेव्हाच खुलासा केला होता. तो दाखला मोठ्या आर्थिक गैरव्यवहारात अडकलेल्यांना किंवा ज्यांची दहा लाखांवर करथकबाकी आहे आणि तिला स्थगिती नाही अशांना, तोही क्वचितच. मामांनी खुलासा वाचला नव्हता, खुलासे कुणी पुढं पाठवत नाही. सीए मॅडमनी माझा पासपोर्ट पानापानानं तपासला, दिवस मोजले आणि म्हणाल्या, "२०२४-२५ला तू पूर्ण वर्ष इथं आहेस. १८२ दिवसांच्या वर. म्हणजे या वर्षी तू रहिवासी. आदल्या वर्षी अनिवासी होतीस." वर्षभर गल्लीतल्या बायका मला विचारत होत्या, "मग, किती दिवस हायस?" आणि मला उत्तर सुचत नव्हतं. प्राप्तिकर कायद्यानं ते एका बेरजेत सांगून टाकलं. फौंड्रीनं कापलेला दहा टक्के टीडीएस विवरणपत्रात दाखवायचा, एवढंच काम.

आबांच्या स्कूटरचा विमा संपून सात महिने झाले होते. नव्वद दिवस उलटल्यामुळं नो क्लेम बोनस गेला, गाडी तपासायला माणूस आला, फोटो काढून गेला. ते एका दुपारचं काम. बंद विम्याची गाडी आबा सात महिने दाभोळकर कॉर्नरपर्यंत नेत होते, याबद्दल मी बोलले नाही. ते म्हणाले, "हेल्मेट घालत होतो की."

माझ्या पॉलिसीचं वेगळं. ती आबांनी मी बारावीत असताना काढलेली. नोकरी लागल्यावर हप्ते मी भरायचे ठरलं, मग मी तिकडं गेले, मग "मीच भरतो, तू पाठवून दे" असं झालं, आणि २०२२मध्ये थांबलं. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत पॉलिसी पुन्हा चालू करता येते. थकलेले हप्ते, त्यावर व्याज, आणि तब्येत ठणठणीत असल्याचं घोषणापत्र. एजंटकाका एका रविवारी सकाळी फॉर्म घेऊन घरीच आले. आईनं कांदेपोहे केले. काका बोटानं ओळ दाखवायचे आणि मी लिहायची.

एका ओळीवर बोट आलं: मधल्या काळात आठवडाभराहून जास्त औषध घ्यावं लागेल असं आजारपण झालं होतं का?

"इथं नाही लिहायचं," काका म्हणाले. "सगळेच नाही लिहितात."

मी पेन धरून बसले. आबा समोर पेपर वाचत होते. आई पोह्यांवर खोबरं घालत होती.

"लिहा की," काका म्हणाले. "कोण बघतंय?"

मी म्हटलं, "काका, पॉलिसी पुन्हा चालू केली की ते तीन वर्षांचं कलम परत पहिल्यापासून सुरू होतं ना?" काकांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण ती तीन वर्षं पॉलिसी दिल्यापासून किंवा पुनरुज्जीवित केल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. कायदा पुढं केला म्हणजे बाकीचं कुणी विचारणार नाही असा हिशोब होता.

मग मी "हो" लिहिलं. तपशिलाच्या ओळीत लिहिलं: निद्रानाश, ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२४, औषध चालू होतं.

पेपरचा आवाज थांबला. काकांनी फॉर्म घडी करून पिशवीत टाकला, म्हणाले, "आता डॉक्टरचा रिपोर्ट मागतील, पंधरा दिवस जातील," आणि पोहे अर्धे ठेवून गेले. आमच्या घरात पोहे अर्धे ठेवून कुणी जात नाही.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पेपरची घडी घातली, परत उलगडली.

"रात्री किती वाजेपर्यंत जागी असायचीस?"

"तीन. कधी साडेतीन."

त्यांनी मनात वजाबाकी केली. जपान आपल्या साडेतीन तास पुढं. मी तिकडं होते तोवर आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती.

"म्हंजे हितं साडेअकरा-बारा. तवा आमी जागंच असतोय, बाळ. टीव्ही चालू असतोय. फोन लावायचास की."

मी काय सांगणार? फोन मी हातात घेत असे. पण रात्री तीनला फोन आला की आईबाप आधी घड्याळ बघतात, भिंतीवरचं ते दुसरं.

त्या दुपारी माळ्यावर धडपड ऐकू आली. गुडघ्याचं ऑपरेशन आईचं झालंय, पण शिडीवर चढताना कण्हतात आबा. ते ट्रंक खाली घेऊन आले, पट्टी बाजूला केली आणि पाकिटांचा गठ्ठा पोह्यांची ताटली होती तिथं ठेवला.

"हे बी हाय," म्हणाले.

२०२१च्या पुरानंतर मी पन्नास हजार येन पाठवले होते, घरफाळा आणि घराचा विमा यांसाठी. विमा त्यांनी त्या एका वर्षी काढला. मग २०२२ला पाणी आलं नाही, २०२३ला आलं नाही, आणि न आलेल्या पाण्याचे पैसे कोण भरणार? घरफाळ्याचे पैसे दारांत गेले. प्लायवुडची दारं पुरात फुगली होती, एकही लागत नव्हतं. वायरिंग नवं करावं लागलं. मी फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, भरला. "म्हटलं पुढच्या म्हैन्यात भरू. मग तो पुढचा म्हैना पुढंच गेला." चाळीस वर्षं मिलिमीटरमध्ये वाढावा धरणारा माणूस हा. दुसऱ्याच्या बिडाचं आकसणं त्याला आधीच कळायचं.

मग मी माझा फोन काढला. फोटो मोठा करून दाखवला. "आणि हे माझं."

आबांनी चष्मा लावून जपानी अक्षरं सावकाश पाहिली, जणू वाचता येतील. "कशाचं हाय?"

"घरफाळ्यासारखंच. राहिल्याचा कर."

"तू तर म्हणालीस मिटवून आलो म्हणून."

"तुम्ही म्हणालात भरला म्हणून."

आई आतून म्हणाली, "मी कुणाला काय बोलतो का?" (आमच्याकडं बायकासुद्धा "मी जातो, मी बोलतो" म्हणतात. पुण्याच्या हॉस्टेलवर मला यावरून हसले होते, मग मी सुधारले. आई सुधारली नाही ते बरं झालं.)

सोमवारी आम्ही दोघं स्कूटरवरून महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात गेलो. वळवाचा पाऊस आदल्या दिवशी पडून गेला होता, कुंभार गल्लीत गणपतीच्या अर्ध्या मूर्ती प्लास्टिकखाली ओळीनं उभ्या होत्या, काहींना अजून हात नव्हते. खिडकीतल्या मुलीनं मिळकत क्रमांक टाकला, स्क्रीन आमच्याकडं वळवली. चार वर्षांचे मूळ १७,६००, शास्ती धरून २६,७४०. महिन्याला दोन टक्के शास्ती. तिनं "का" विचारलं नाही. "कार्ड की रोख?" एवढंच विचारलं. आबांनी रोख दिली, नोटा स्वतः दोनदा मोजून. मी द्यायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बाहेर येऊन पावती उन्हाकडं धरून बघितली, खोटी नोट बघतात तशी.

तिथूनच घराचा विमा. २०२१च्या एप्रिलपासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर येतो. हप्ता ऐकून आबा म्हणाले, "एवढाच?" त्यांना आठवत होता तो आकडा चार वर्षांत मनातल्या मनात तिप्पट झाला होता.

जपानचं लांबलं. मैत्रिणीला माझ्या वतीनं नेमण्याचा फॉर्म सही करून स्पीड पोस्टनं पाठवला. मुदत उलटलेल्या स्लिपा कोंबिनीत, म्हणजे तिकडच्या चोवीस तासांच्या दुकानात, घेत नाहीत, म्हणून गावानं तिला नव्या छापून दिल्या. तिनं आपल्या खिशातून भरले, मी पहिल्या दोन पगारांत फेडायचे. विलंबाचं व्याज पहिल्या महिन्याला वर्षाकाठी २.४ टक्क्यांच्या दरानं, पुढं ८.७च्या. सगळे मिळून साडेसात हजार येनच्या वर थोडे.

आबांनी कागदावर दोन्ही दर शेजारी शेजारी लिहिले. "आमचं वर्साला चोवीस टक्के, तुझं पावणेनऊ. म्हंजे चूक करायचीच तर तिकडं करावी."

पेन्शनचेही दोन महिने भरले. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर भरलेल्या पेन्शनमधली काही रक्कम एकरकमी परत मिळते, पण तेवढी वर्षं मग पुसली जातात. भारत आणि जपानमध्ये २०१६पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, आणि दहा वर्षं भरली की तिथली पेन्शन लागू होते. मी अर्ज केला नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे अजून साडेपाच?" मी हो म्हटलं. ते बोटं मोजायला लागले आणि मधेच थांबले.

विमा कंपनीनं डॉक्टरांचा रिपोर्ट मागितला, मी दिला, आणि निघायच्या आठ दिवस आधी पॉलिसी चालू झाल्याचं पत्र आलं. एजंटकाका ते द्यायला आले तेव्हा या वेळी पोहे संपवून गेले.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरून झाल्यावर आबांनी फाईल काढली. पंचिंग मशीननं सगळ्या पावत्यांना भोकं पाडली: घरफाळा, घराचा विमा, स्कूटर, पॉलिसी. शेवटी कोंबिनीच्या शिक्क्याच्या स्लिपांचा मैत्रिणीनं पाठवलेला फोटो, जो त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत छापून आणला होता. तोही भोकं पाडून लावला. मग पेन माझ्याकडं सरकवलं. "वर मराठीत लिही. उद्या मला कळायला पायजे."

मी लिहिलं: जपानचा घरफाळा, २०२४. भरला.

"तारीख टाक."

तारीख टाकली. ते फाईल मिटणार एवढ्यात आई आतून आली. देवाच्या तसबिरीमागं ठेवलेली चौकोनी वही तिच्या हातात होती, भिशीची.

"लांबवू नका," ती म्हणाली, "माझे बी तीन हप्ते ऱ्हायल्यात."